लंगाच्या गाडीचा दुसरा गिअर

बैस रे, बैस. त्या डब्यावर नको, त्यात ऑइल आहे. इकडे खुर्चीवर बैस. डर्बनहून आलास ना, इतक्या लांबून? येणारच. क्वाथेमाच्या या पत्र्याच्या शेडमध्ये जसा गिअरचा दांडा बनतो तसा अख्ख्या देशात कुठे बनत नाही. ही फुशारकी नाही, विचार कुणालाही. अठरा वर्षं स्प्रिंग्जच्या सोन्याच्या खाणीत लेथवर उभी होते मी, चारशे पुरुषांत एकटी बाई. पहिल्या दिवशी फोरमन म्हणाला, "डुडुझिले, तुझी जागा कँटीनमध्ये." सहा महिन्यांनी तोच माणूस माझ्याकडचा नग न मापताच पुढे पाठवायचा. खाण बंद पडली, मशीनं भंगारात निघाली, तेव्हा हे लेथ मी उचलून आणलं.

तुझं काम होईल की नाही ते शेवटी सांगते. आधी लंगाच्या गाडीचं ऐक. दुसऱ्याकडून ऐकशील तर तिखटमीठ लावून ऐकशील.

गिअरचा दांडा म्हटलं की लोक वरची मूठ बघतात. मूठ कोणीही बदलतं. खरा दांडा असतो तो खाली, ज्या गोळ्यावर तो डुलतो त्याच्या पलीकडे, गाडीच्या पोटात. तो खालचा भाग थोडा लांब केला की वर हात कमी हलतो. मूळ गाडीत पहिल्यातून दुसऱ्यात जायला वीतभर ओढावं लागतं, माझ्या दांड्यात चार बोटं पुरतात. आणि वरची उंची मी माणसाच्या हातावरून ठरवते. त्याला सीटवर बसवायचं, डोळे मिटायला लावायचे आणि म्हणायचं, टाक हात. हात जिथे पडेल तिथे मूठ आली पाहिजे.

लंगेलिहले झुंगू हा आमच्याच गल्लीतला, मा-म्तेम्बूचा थोरला. त्याची पांढरी, चौकोनी गुशेशे गाडी तू फोटोत पाहिली असशील. रविवारी दुपारी जुन्या खाणीच्या आवारात ती गरगर फिरायला लागली की लोक पत्र्यांवर चढायचे. तुला काय सांगायचं, तू स्वतः फिरवतोस. फिरत्या गाडीतून तो खिडकीवाटे बाहेर यायचा, दारावर बसायचा, दोन्ही हात आकाशात. गाडी आपली फिरतेच आहे. त्यासाठी ती दुसऱ्या गिअरमध्ये टिकून राहायला हवी, त्यावर कोणाचाही हात नसताना. ती राहायची. का राहायची? दांडा माझा होता म्हणून. माइकवाला ओरडायचा, "हातांचं काम लंगाचं, दांड्याचं काम डुडू मावशीचं!" मी नुसती मान हलवायची, पण आतून आनंदाची उकळी फुटलेली असायची मला.

मग एका रविवारी गाडी गोल फिरता फिरता सरळ झाली आणि सिमेंटच्या कठड्यावर गेली. लंगाला हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, संपलं.

मग चर्चा. कोणाचं चुकलं? लोकांनी गाडीत डोकावून पाहिलं, तर गिअर दुसऱ्यात, पक्का. म्हणजे दांडा निसटला नव्हता. म्हणजे चूक पोराची. हवा डोक्यात गेली होती, म्हणाले. नको तेवढा बाहेर लोंबकळला, म्हणाले. त्याची आईसुद्धा तेच म्हणू लागली, आणि मी... मी गप्प बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

वर्ष झालं. जुलैतल्या एका सकाळी, कोळशाच्या शेगड्यांचा धूर अजून गल्लीत रेंगाळत होता, तेव्हा लंगाची धाकटी बहीण नोसिफो ती गाडी ढकलत माझ्या दारात घेऊन आली. पत्रा ठोकून सरळ केलेला, रंग नवा.

"डुडू मावशी, तीन आठवड्यांनी दादाच्या थडग्यावरच्या दगडाचं कापड काढणार आहोत," ती म्हणाली. "त्याच दुपारी मी ही गाडी फिरवणार. दांडा माझ्या मापाचा करून द्या."

"तू? तुला पाय तरी पोचतात का क्लचला?"

"पाय पोचतात. हात पोचत नाही, म्हणून तर आले. लोक म्हणतात माझ्या भावाला गाडी येत नव्हती. झुंगूंना येते की नाही ते बघू देत त्यांना."

नको म्हणायला हवं होतं. पण नको म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, का? म्हणून तिला सीटवर बसवलं आणि म्हटलं, डोळे मीट, टाक हात. बुटकी पोर, हात बरोबर तीस मिलीमीटर खाली पडला.

सोपं काम. लंगाचा दांडा वरच्या अंगाला एकशे नव्वद होता. मी तीस कापला, नवे आटे पाडले, मूठ बसवली, मापलं. एकशे साठ. कापलेला तुकडा टेबलावर ठेवला आणि शेडला कुलूप लावून भाजी आणायला गेले.

परत आले तेव्हा ऊन पत्र्याच्या फटींतून आत आलं होतं आणि शेडमध्ये जळक्या रबराचा वास होता. गाडीची मागची चाकं मी काढून ठेवलेली, गाडी ठोकळ्यांवर. वास कसला? दार उघडून पाहिलं. दांडा मला उंच वाटला. मापायचं व्हर्निअर लावलं.

एकशे नव्वद.

आपलंच डोकं फिरलं म्हणून मी हसले. टेबलाकडे बघितलं तर तीसचा तुकडा तिथेच, कडा चकचकीत. पुन्हा कापला. आता टेबलावर दोन तुकडे. घरी जाऊन जेवले, आले, मापलं. एकशे नव्वद. दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा. अरे, अठरा वर्षांत माझं माप कधी केसाएवढं चुकलं नव्हतं आणि इथे एका दांड्यातून तीन तुकडे निघाले तरी दांडा तेवढाच! व्हर्निअर खोटं बोलत असेल म्हणून मापाच्या ठोकळ्यावर तपासलं. व्हर्निअर खरं बोलत होतं.

आणि आणखी एक. मी जाताना गिअर दुसऱ्यात टाकून जायची. परत आल्यावर तो दुसऱ्यात नसायचा. दांडा सरळ, मध्ये उभा, न्यूट्रलला.

ते बघून मात्र माझी पाचावर धारण बसली. उंचीचं कोडं मी कुणालाही सांगितलं असतं, पण हे सांगता येण्यासारखं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, मी मनाचा हिय्या करून गाडीत डाव्या बाजूच्या सीटवर बसले. बाहेर शेजारीण कपडे वाळत घालत होती, रेडिओ चालू होता. काचा बंद केल्या तसा रेडिओ दूर गेला. रबराचा वास दाट झाला. मी उजवा, भाजल्याचा डाग असलेला हात मुठीवर ठेवला. मूठ गरम होती, कोणी आत्ताच हात काढावा इतकी.

"लंगा..." मी म्हटलं. "पोरा, मला काम करू दे."

दांडा दुसऱ्यात ओढायला गेले. आणि माझ्या तळव्याखाली मूठ नव्हती. माझ्या तळव्याखाली बोटांची पेरं होती. चार, घट्ट आवळलेली. वर्षापूर्वी होती तशीच.

मी गाडीतून कशी बाहेर पडले ते विचारू नकोस. शेजारीण म्हणाली, "काय गं, साप बघितलास काय?" मी बाहीने तोंड पुसलं आणि तशीच झेफानिया काकांकडे गेले. काका म्हणजे लंगाच्या वडिलांचे थोरले भाऊ. घरातलं माणूस जिथे वारलं तिथून त्याच्या आत्म्याला काट्याच्या फांदीवर बोलावून घरी आणायचा मान त्यांचाच. तुमच्याकडेही हेच करतात, तुला ठाऊक आहे. फांदी घेतलेल्या माणसाने वाटेत दुसऱ्या कोणाशी बोलायचं नाही, फक्त त्याच्याशी बोलायचं, प्रत्येक वळण त्याला सांगायचं. काकांनी लंगाला हॉस्पिटलातून आणलं होतं.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही त्याला आणलंत तेव्हा... तो आला होता का?"

"फांदी हलकी होती," ते म्हणाले. "मला वाटलं, पोरगं तरुण, म्हणून हलकी असेल. तू का विचारतेस?"

"त्याचा जीव हॉस्पिटलात गेलाच नाही. गाडीतच गेला. पहिली मी पोचले होते. मी ओरडले, श्वास चालू आहे, उचला, न्या... पण श्वास नव्हता, काका."

"म्हणजे मी रिकामी फांदी घेऊन आलो," काका हळू आवाजात म्हणाले. "आणि वर्षभर त्या रिकाम्या जागेशी बोलतोय मी. का ओरडलीस तसं?"

"घाबरले होते," मी म्हटलं. तेही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या शेडमध्ये आले. अंगात कोट, डोक्यावर टोपी, हातात ताजी काटेरी फांदी. मागे लंगाची आई मा-म्तेम्बू, काळी शाल गुंडाळलेली, आणि नोसिफो. मी मागची चाकं बसवून ठेवली होती. काका उजव्या दारापाशी वाकले, फांदी ड्रायव्हरच्या सीटवर टेकवली.

"झुंगूंच्या लेका, लंगेलिहले, चूक झाली आमची. तुला दुसरीकडे शोधत बसलो. चल, बाळा. आईने चूल पेटवलीय."

त्यांनी फांदी उचलायला हात वर केला. उचलेना. कोवळी फांदी रे, पोर उचलेल. काकांच्या कोटाची बाही ताणली गेली होती, पण फांदी सीटवरून सुटेना.

काका मागे न बघता म्हणाले, "येत नाही. काहीतरी राहिलंय म्हणतोय."

मी गाडीत बघितलं. दांडा मध्ये उभा होता.

"डुडू," मा-म्तेम्बू म्हणाली, "तू पहिली पोचलीस. काय राहिलंय?"

आता ऐक. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्याच्या थडग्यापाशीही नाही. त्या रविवारी मी डावं दार उघडून आत वाकले तेव्हा आधी लंगाच्या तोंडाकडे बघितलं नाही. आधी दांड्याकडे बघितलं. दांडा न्यूट्रलला होता. माझा दांडा, ज्याच्या जिवावर मी मिरवत होते, तो दुसऱ्यातून निसटला होता. पोराने बाहेरून आत उडी घेतली होती, दांडा पकडला होता, पुन्हा दुसऱ्यात टाकायला बघत होता, आणि तसाच गेला. बोटं आवळलेलीच. मी त्याच्या हातावर माझा हात ठेवला आणि दांडा मागे ओढला. दुसऱ्यात. त्याच्याच हाताने. मग ओरडले, श्वास चालू आहे.

हे सगळं मी त्या तिघांसमोर बोलले. उभ्या उभ्या, एका दमात.

नोसिफो माझ्या अंगावर धावून येईल असं वाटलं. ती हललीच नाही. मा-म्तेम्बू मात्र पुढे आली, माझ्या समोर उभी राहिली.

"वर्षभर," ती म्हणाली, "वर्षभर मी माझ्या लेकराला शिव्या दिल्या. रोज सकाळी, त्याच्या फोटोसमोर. बेजबाबदार म्हटलं त्याला. तुझ्या नावासाठी, डुडुझिले?"

हो, माझ्या नावासाठी.

तेवढ्यात काका म्हणाले, "आला." फांदी त्यांच्या हातात होती, आणि ती वजनाने खाली झुकत होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि ते मागच्या सीटवर बसले. नोसिफोने गाडी सुरू केली. गल्लीच्या तोंडापर्यंत काकांचा आवाज मला ऐकू येत होता, "उजवीकडे वळतोय हं बाळा... ही तुझी शाळा... आता चढ आहे..."

पुढच्या रविवारी मी स्वतः आवारात गेले आणि माइक मागून घेतला. म्हटलं, लंगा झुंगूचं काही चुकलं नव्हतं, चुकला होता माझा दांडा. दीडशे गाड्या होत्या तिथे. एकानेही हॉर्न वाजवला नाही. कोणी माझ्या दिशेने बाटली फेकली, ती मला लागली नाही. घरी येऊन मी लेथवर कापड टाकलं. माझ्यापुरता धंदा संपला होता.

तीन दिवसांनी नोसिफो दारात. पुन्हा गाडी घेऊन.

"दांडा राहिलाय माझा," ती म्हणाली.

"दुसऱ्या कोणाकडून करून घे, पोरी. स्प्रिंग्जमध्ये दोघं आहेत."

"आहेत. पण तुमचं कुठे चुकलं हे त्यांना माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. आणि आता तुम्ही पुन्हा तिथे चुकणार नाही."

तेवीस वर्षांची पोर! मला शिकवून गेली. मी कापड काढलं.

चूक कुठे होती ते मला त्याच दिवसापासून माहीत होतं. खालचा भाग मी दोन मिलीमीटर जास्त लांब केला होता, हात आणखी कमी हलावा म्हणून, लोकांनी वाहवा करावी म्हणून. गाडी तापली की ते टोक खाली घासायचं आणि दुसरा गिअर पूर्ण बसायचाच नाही, बसल्यासारखा वाटायचा. या वेळी मी ते दोन मिलीमीटर कमी केले. वरचं अंग एकशे साठ. रात्र गेली, दिवस गेला, मापलं. एकशे साठ. पुन्हा पुन्हा मापलं, एकशे साठच! तीन दिवस मी तोच दांडा हातात घेऊन फिरत होते. तुला सांगते, एवढा सुंदर दांडा माझ्या हातून पूर्वी झाला नव्हता. आपल्या कामाचा अभिमान वाटावा तर अशा वेळी वाटावा.

लंगाच्या दगडाचं कापड काढलं त्या दिवशी दुपारी नोसिफोने गाडी फिरवली. धूर इतका की ऊन तपकिरी झालं. चौथ्या फेरीत ती खिडकीतून बाहेर आली, दारावर बसली, मग उभी राहिली, दोन्ही हात वर. मा-म्तेम्बू माझ्या शेजारी तारेच्या कुंपणाशी उभी होती, बोलत नव्हती माझ्याशी, पण शेजारी होती. मी दोन्ही हातांनी तार धरली होती. गाडी फिरत राहिली. चार मिनिटं, पाच मिनिटं. दांडा हलला नाही. माइकवाला ओरडला, "झुंगूंची गाडी, मावशीचा दांडा!" आणि दीडशे हॉर्न एकदम वाजले. मी रडले रे. अशी रडले की मा-म्तेम्बूनेच शेवटी मला तिची शाल दिली.

नोसिफो उतरून धावत आली, माझ्या गळ्यात पडली.

"मावशी, तुम्ही आत होतात म्हणून मी बिनधास्त उभी राहिले."

"आत? कुठे आत?"

"गाडीत. मी वाकून बघितलं ना. धुरात तुम्ही दिसला नाहीत, पण हात दिसला. दांड्यावर तुमचा उजवा हात, दाबून धरलेला. हा भाजल्याचा डाग, हाच."

मा-म्तेम्बूने माझ्याकडे बघितलं. ती सगळा वेळ माझ्या शेजारी होती.

तेव्हापासून नोसिफो हरली नाही. तूही तिचाच व्हिडिओ बघून आलास. दर रविवारी ती फिरवते आणि गिअर निसटत नाही. लोक म्हणतात, मावशीचा दांडा! आणि मला कळत नाही की तो माझ्या कामामुळे टिकतो की त्या हातामुळे. मला दुसरं काही खात नाही, हेच खातं. मी आता आवारात जात नाही. जायची गरजच नाही. तिने गाडी सुरू केली की माझा उजवा हात इथे घरी बसल्या बसल्या गार पडतो, कोपरापासून खाली आपला वाटत नाही. गाडी बंद झाली की पाच मिनिटांत ऊब येते. दुपारी दोनला जातो, चारला परत येतो.

गेल्या रविवारीही दोनला गेला. चारला नोसिफो घरी आली, हसत, बक्षिसाची ढाल हातात. गाडी तिच्या अंगणात उभी आहे, कुलूप लावून, किल्ली तिच्या खिशात.

आज बुधवार. हात अजून आलेला नाही. म्हणून म्हणते, तुझं काम मला आत्ता नाही जमायचं, आणि ती केटली उतर जरा, चहा तूच ओत.